पाळकपणाची उमेदवारी

डॉक्टरला इंटर्नशिप चुकत नाही, आणि सनद मिळाली तरी नवा वकील काही वर्षे ज्येष्ठाच्या हाताखाली काढतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. ख्रिस्ती धर्मगुरूलाही अशी उमेदवारी करावी लागते, हे मात्र मंडळीबाहेरच्या फार थोड्यांना माहीत असेल. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, विद्यार्थी बायबल, मंडळीचा इतिहास, ईश्वरविज्ञान, जमल्यास हिब्रू आणि ग्रीक शिकतो. त्याच्या जोडीला ठरावीक काळ त्याला एखाद्या चर्चमध्ये, रुग्णालयात, तुरुंगात किंवा वस्तीत प्रत्यक्ष काम करावे लागते, आणि तेही कुणाच्या तरी देखरेखीखाली. पुष्कळ विद्यार्थी आणि काही प्राध्यापकही याकडे अभ्यासक्रमाला जोडलेली एक औपचारिकता म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. चांगला पाळक घडतो तो बहुतांशी इथेच. आणि त्याला घडवते ती नुसती कामाची सवय नव्हे. केलेल्या कामाचा दुसऱ्यासमोर दिलेला हिशोब त्याला घडवतो.

या पद्धतीला आजचे रूप ज्या माणसामुळे मिळाले तो स्वतः मनोरुग्णालयात राहून आला होता. अँटन बॉइसन हा अमेरिकन पाळक. 1920 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याला तीव्र मानसिक आजाराचा झटका आला आणि वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात काढावा लागला. तिथे त्याला दिसले की आजूबाजूच्या रुग्णांच्या भ्रमांत देव, पाप, जगाचा अंत हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. पण डॉक्टरांना धर्म कळत नाही आणि धर्मगुरूंना आजार. बरा झाल्यावर तो मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लन, म्हणजे रुग्णालयाचा धर्मगुरू, झाला, आणि 1925 च्या उन्हाळ्यात त्याने चार विद्यार्थ्यांना तिथे बोलावले. दिवसभर त्यांनी वॉर्डात परिचरांचे काम करायचे आणि मग पाहिले-ऐकले त्यावर एकत्र बसून विचार करायचा, असा क्रम होता. ग्रंथ जितक्या काळजीने वाचतो तितक्याच काळजीने समोरचा माणूस वाचायला शिकावे, हा त्याचा आग्रह. त्याच वर्षी हार्वर्डचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी, वैद्यकीय विद्यार्थ्यांप्रमाणे धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनाही रुग्णांच्या सहवासातले एक वर्ष असावे, अशी जाहीर मागणी केली. पुढे मानसिक आजाराच्या कारणांवरून या दोघांचे बिनसले; कॅबट शारीरिक कारणांवर ठाम होते, बॉइसनला त्यात आत्म्याची धडपडही दिसत होती. चळवळीचे प्रवाह वेगळे झाले आणि 1967 मध्ये अमेरिकेत एका संघटनेखाली आले. या प्रशिक्षणाचा एक टप्पा आज चारशे तासांचा असतो, आणि त्यातला मोठा भाग रुग्णांच्या भेटींचा असला तरी बाकीचे तास चर्चेसाठी मुद्दाम राखलेले असतात.

या चर्चेत काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. विद्यार्थी एखाद्या भेटीनंतर आठवून तो संवाद शब्दशः लिहून काढतो. रुग्णाचे नाव-गाव काढून टाकलेले, प्रत्येक वाक्याला क्रमांक, मधले मौन, नजर वळवणे, हुंदका हेही कंसात नोंदवलेले, आणि कडेला शेरे लिहायला मोकळी जागा. समजा, उद्या शस्त्रक्रिया असलेली बाई म्हणते, ‘धाकटीचं अजून लग्न व्हायचंय.’ पुढच्या ओळीत विद्यार्थी म्हणतो, ‘प्रभूवर भरवसा ठेवा, आपण प्रार्थना करू या.’ प्रार्थना होते, बाई ‘आमेन’ म्हणते, भेट संपते. वर्गात हा कागद सगळ्यांसमोर वाचला जातो आणि मार्गदर्शक विचारतो: बाई कशाला घाबरली होती? ती मरणाविषयी बोलत होती, हे तुला ऐकू आले का? प्रार्थना तिला हवी होती, की तिथून सुटण्यासाठी तुला? यात प्रार्थनेला विरोध नाही. तिचे भय आधी ऐकून घेतले असते, तर तीच प्रार्थना तिच्या मनातली झाली असती. हा प्रश्न व्याख्यानातून कितीही वेळा सांगितला तरी पोचत नाही. स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवले की पोचतो. उपदेश करण्याची घाई आणि दुःखासमोर वाटणारी अस्वस्थता लपवणारे ठरीव शब्द माणसाला आपले आपल्याला दिसत नाहीत. देखरेखीविना दहा वर्षे सेवा केली तर या खोडी जात नाहीत, पक्क्या होतात.

वेगवेगळ्या परंपरांनी आपापल्या वाटेने हेच ओळखले आहे. अमेरिकेतील लुथरन सेमिनऱ्यांत विद्यार्थी साधारणपणे तिसरे वर्ष एखाद्या मंडळीत काढतो आणि चौथ्या वर्षी पुन्हा वर्गात येतो. हे परत येणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण एका वर्षात चार प्रेतयात्रा पाहिलेला विद्यार्थी पुनरुत्थानावरचा धडा वेगळ्याच कानांनी ऐकतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये पुरोहितांच्या शिक्षणावर जो दस्तऐवज काढला, त्यातही सेवेची कला प्रत्यक्षातून आणि अनुभवी माणसांच्या मार्गदर्शनाखाली शिकावी, असे स्पष्ट म्हटले आहे. जेझुइट तर तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान यांच्यामध्ये तरुणांना दोन-तीन वर्षे शाळेत किंवा सामाजिक कामात पाठवतात.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला श्रद्धेतून येतो: पाचारण देव करतो, त्याला गुण देणारा माणूस कोण? पण पाचारण तपासण्याचा हा प्रकारच नाही. तपासली जाते ती ऐकण्याची, बोलण्याची, गुपित राखण्याची कुवत, आणि ज्याला खरोखर पाचारण आहे त्याने ती कमवायला नको, असे बायबल कुठेच सांगत नाही. येशूने शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवले आणि परत आल्यावर त्यांनी केलेले सारे ऐकून घेतले, हे मार्कच्या शुभवर्तमानाचा वाचक जाणतो. दुसरा आक्षेप असा, की दुःखी माणसाला सरावाचे साधन का करावे? हा मला सर्वात गंभीर वाटतो. रुग्णाला समोरचा विद्यार्थी आहे हे कळलेच पाहिजे, नको म्हणण्याची मुभा हवी, आणि नोंद वर्गाबाहेर जाता कामा नये. एवढे पाळल्यावर उरते ते हे: पहिल्या चुका कुणाच्या तरी उशाशी होणारच. त्या देखरेखीत झाल्या तर सावरता येतात. दीक्षेनंतर झाल्या तर पाळकाला त्या कुणी सांगतही नाही. पाळकाचा मानसोपचारतज्ज्ञ होतो, ही तिसरी तक्रार अमेरिकेत काही अंशी खरी ठरली आहे. त्यावर उपाय म्हणजे चर्चेत धर्मग्रंथ आणि प्रार्थना यांनाही तितकीच जागा देणे. आणि ज्याच्या शेऱ्यावर दीक्षा अवलंबून, त्याच्यासमोर कोणता विद्यार्थी मोकळा होईल, हा प्रश्न तर अजून नीट सुटलेला नाही. शिकवणारा आणि शिफारस करणारा शक्य तिथे वेगळा ठेवावा, असे मला वाटते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्यातील पेपल सेमिनरी 1955 मध्ये श्रीलंकेतील कँडीहून आली, युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये यवतमाळहून. देशभरातले विद्यार्थी या शहरात शिकतात, आणि मिरजेच्या वानलेस रुग्णालयासारख्या मिशन संस्थांची परंपराही याच राज्यात आहे. रुग्णसेवेतून पाळकीय शिक्षण देण्याचे काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने भारतात रुजवून दाखवले आहे. तेव्हा साधने नाहीत असे म्हणता येत नाही. उणीव जाणवते ती मार्गदर्शकांची. उत्तम उपदेशक असणे आणि दुसऱ्याच्या चुकीवर त्याला न मोडता बोट ठेवता येणे ही दोन कौशल्ये वेगळी आहेत, आणि दुसऱ्याचे स्वतंत्र शिक्षण लागते. ते न देता विद्यार्थ्याला मंडळीकडे सोपवले, की तो संडे स्कूल घेणारा, खुर्च्या लावणारा, पाळक गावाला गेले की उपासना चालवणारा बिनपगारी हातभार होतो. काम पुष्कळ करतो, शिकत थोडेच.

म्हणून ज्या मंडळीकडे यंदा सेमिनरीचा विद्यार्थी येणार असेल, त्या मंडळीच्या पास्टोरेट कमिटीला एक विनंती. त्याला राहण्या-जेवण्याची सोय आणि प्रवासखर्च द्या, आठवड्यातला एक तास पाळकांनी फक्त त्याच्यासाठी राखावा, आणि त्याचा उपदेश लांबला किंवा त्याची भेट कोरडी वाटली तर त्याच्या पाठीमागे न बोलता त्यालाच सांगा.