घरी येणारी नर्स: तिचं काम काय, तिचा हक्क काय?

अब्बांना पॅरालिसिसचा झटका येतो. काही दिवसांनी डिस्चार्ज मिळतो, पण घरी येताना नाकात नळी, लघवीची पिशवी आणि पाठीवर जखम असते. घरात एकच सवाल, आता हे सगळं करणार कोण? कुणीतरी ब्युरोचा नंबर देतं आणि दुसऱ्या दिवशी एक मुलगी दारात उभी राहते. ती नर्स आहे की केअरटेकर, हे विचारायचं मात्र अनेकदा राहून जातं.

फरक मोठा आहे. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं ही केअरटेकरची कामं. इंजेक्शन, सलाईन, जखमेचं ड्रेसिंग, नळी बदलणं हे नर्सचं काम. त्यासाठी एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा, तर बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचा कोर्स असतो. नंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. हा नोंदणी क्रमांक जरूर विचारा. त्यात अपमान काही नाही.

व्हिजिटिंग नर्स दिवसभर थांबत नाही. ती तास-दीड तासासाठी येते आणि मग पुढच्या घरी जाते. आल्यावर आधी हात धुते, मग बीपी, ताप, शुगर तपासून वहीत लिहिते. नळीतून दूध किंवा सूप देण्याआधी नळी जागेवर आहे का ते बघते. पेशंटचं डोकं उंच ठेवते आणि नंतर किमान अर्धा तास त्याला आडवं करू देत नाही, कारण अन्न फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली. वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत नाही, जाड प्लास्टिकच्या डब्यात.

पण तिचं सर्वांत मोठं काम म्हणजे घरच्यांना शिकवणं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर बेडसोर होतात. रात्री दोन वाजता नर्स नसते, तुम्हीच असता. म्हणून ती करत असताना शेजारी उभं राहा, बघा, विचारा.

औषध बदलणं तिच्या हातात नाही. रमजानमध्ये पेशंटला रोजा ठेवायचा असेल तर इन्सुलिनचं काय करायचं, हे डॉक्टरच सांगतील. वहीतले शुगरचे आकडे त्यांना आधीच दाखवा.

आता मुलींच्या बाजूनं. 'नर्सिंग ठीक आहे, पण परक्यांच्या घरी जायचं?' ही आई-वडिलांची काळजी खोटी नाही. पण उपाय मुलीला घरी बसवणं नव्हे. पत्ता, वेळ आणि काम आधी लिहून घ्या. पहिल्या भेटीला घरातली एखादी बाई हजर असावी, असं ब्युरोला सांगा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त गेलेलं घरसुद्धा कामाची जागा मानलं जातं. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

आणि ज्यांच्या घरी ती येते त्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. फरशी पुसणं, घरभराचे कपडे धुणं हे तिचं काम नाही. पेशंटची साफसफाई होताना पडदा ओढा, पण घरातलं एक माणूस जवळ असू द्या. त्यात पेशंटचीही इज्जत राहते आणि तिचीही. ठरलेला पगार वेळेवर द्या.

आज ती तुमच्या अब्बांची जखम धुते आहे. उद्या तुमचीच मुलगी दुसऱ्या कुणाच्या दारात उभी असेल. तेव्हा तिला जसं वागवलं जावं असं वाटतं, तसंच आज हिला वागवा.