वेग आणि धार यांचा हिशेब

लेथवरून दिवसाकाठी किती जॉब उतरतात, यावर छोट्या कारखान्याचं पोट असतं. मग वेग वाढवला की कमाई वाढली, असं कुणालाही वाटेल. पण वेग वाढला की टूलच्या टोकाशी उष्णता वाढते आणि धार झपाट्यानं झिजते.

या झिजेचा नियम अमेरिकेच्या फ्रेडरिक टेलर यांनी बसवला. १८८० मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष त्यांनी १९०६ मध्ये मांडले. तोवर आठ लाख पौंड धातूचा कीस पडला होता! आजच्या कार्बाइड टूलला हा नियम लावला तर ढोबळमानानं असं दिसतं, की वेग दुप्पट केल्यावर धारेचं आयुष्य निम्मं नव्हे, सोळाव्या हिश्शावर येतं.

आता हिशेब करू. समजा, मिनिटाला १०० मीटर वेगानं धार ६० मिनिटं टिकते. पगार, वीज, कर्जाचा हप्ता धरून यंत्राचा खर्च मिनिटाला १० रुपये. नवी धार १०० रुपयांची आणि ती बदलायला २ मिनिटं. मग ६० मिनिटांच्या कापणीला एकूण ७२० रुपये पडतात. तेच काम १२० च्या वेगानं केलं तर सुमारे ७०७ रुपये. १५० वर खर्च ८०५ रुपये, पण धार बदलण्यासकट काम ४७ मिनिटांत उरकतं. आणि २०० वर? वेळ ४६ मिनिटं, खर्च १२६० रुपये! एका मिनिटासाठी साडेचारशे रुपये जादा. कारण आठ धारा संपतात आणि वाचलेला वेळ त्या बदलण्यातच जातो.

म्हणजे इथं रोजच्या कामाला ११० ते १२० चा वेग परवडतो. माल तातडीनं द्यायचा असेल, तर १५० पर्यंत जायला हरकत नाही. फार हळू चालवणं हीही काटकसर नव्हे. हप्ता आणि पगार थांबत नाहीत. उत्पादन वाढवायचंच असेल, तर यंत्राला आणि जॉबला झेपेल तेवढी कापाची खोली आणि फीड आधी वाढवावी. त्यांनी धार वेगाइतकी झिजत नाही.

'टूल फार लागतात' म्हणून कामगाराला बोल लावण्याआधी मालकानं एका धारेत किती जॉब निघतात, ते आठवडाभर वहीत लिहून पाहावं. दोष हाताचा की ठरवून दिलेल्या वेगाचा, हे ती वहीच सांगेल.