वाटेत हरवलेल्या मालाचे नुकसान कोणाचे?

परभणीच्या कापड बाजारात जो माल विकला जातो, त्यातला बहुतेक बाहेरगावाहून येतो. सुरतचे ड्रेस मटेरियल, भिवंडी-मालेगावचे कापड, सोलापूरच्या चादरी. पूर्वी व्यापारी स्वतः जाऊन माल पसंत करीत आणि गठाण डोळ्यांसमोर बांधून घेत. आता फोनवर फोटो पाहून ऑर्डर जाते आणि माल ट्रान्सपोर्ट, कुरिअर, रेल्वे किंवा टपालाने येतो. सेलू, जिंतूर, गंगाखेडचे छोटे दुकानदार आणि घरी शिलाई करणारे कारागीरही आता पार्सलवरच धंदा करतात.

शंभर पार्सलांपैकी बहुतेक सुखरूप पोहोचतात. पण एखादे हरवते, आणि मग दोन चांगल्या व्यापाऱ्यांत वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात. पाठवणारा म्हणतो, "मी बिल्टी दिली, माझे काम संपले." घेणारा म्हणतो, "माल हातात आला नाही, तर पैसे कसले?" दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. भांडणाचे खरे कारण माल हरवणे हे नसून, वाटेतला माल कोणाचा हे आधी ठरलेले नसणे, हे आहे. म्हणून या विषयावर व्यापारी व कारागीर बांधवांनी थोडा विचार करावा, ही विनंती.

कायदा काय म्हणतो?

याबाबतचा मूळ कायदा १९३० चा मालविक्री कायदा आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे, दुसरे काही ठरले नसेल तर मालाची मालकी ज्याची, जोखीम त्याची. आणि कलम ३९ प्रमाणे, खरेदीदाराच्या सांगण्यावरून विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो सर्वसाधारणपणे खरेदीदारालाच दिला असे धरले जाते. म्हणजे सुरतच्या व्यापाऱ्याचे "बिल्टी दिली, काम संपले" हे बोलणे कायद्याच्या दृष्टीने अगदीच पोकळ नाही.

पण त्याच कलमात पुढची एक अट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. विक्रेत्याने वाहतूकदाराशी केलेला करार मालाच्या मानाने योग्य असला पाहिजे. लाखाचा माल त्याने किंमत न लिहिता, कोणत्याही गाडीत टाकून दिला आणि तो हरवला, तर "हा माल मला मिळाला असे मी मानत नाही" असे म्हणण्याचा हक्क खरेदीदाराला राहतो.

दुसरी गोष्ट बिल्टीवरच्या नावाची. विक्रेत्याने बिल्टी 'सेल्फ' म्हणजे स्वतःच्या नावावर केली आणि कागद बँकेमार्फत पाठवले, तर पैसे मिळेपर्यंत मालावरचा हक्क त्याने आपल्याकडे ठेवला असे सहसा मानले जाते. मग जोखीमही सहसा त्याच्याकडेच राहते. एकीकडे हक्क सोडायचा नाही आणि दुसरीकडे नुकसान मात्र दुसऱ्यावर टाकायचे, असे दोन्ही होत नाही.

या सर्व कलमांत "दुसरे काही ठरले नसेल तर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोघांनी आपसात ठरवलेले असेल, तर ते चालते. म्हणून ठरवून घेणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

अदलाबदलीचा व्यवहार

हल्ली आणखी एक प्रकार वाढला आहे. एका गावात न खपलेला माल दुसऱ्या गावच्या मित्राला पाठवायचा आणि त्याच्याकडचा आपण घ्यायचा. मोबाइलच्या दुकानातली तरुण मुले जुने फोन, व्हिडिओ गेमच्या डिस्क, घड्याळे अशीच पार्सलने बदलतात. यात रोख पैसा हातात येत नाही. दोन्ही बाजूंनी पार्सल निघते, एक पोहोचते, दुसरे हरवते. आता ज्याला मिळाले त्याने काय करावे?

अशा व्यवहाराला कायद्यात विनिमय म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२० सांगते की, जी वस्तू आपण देतो तिच्यापुरते आपण विक्रेते आणि जी घेतो तिच्यापुरते खरेदीदार. म्हणजे दोन्ही टोप्या दोघांच्या डोक्यावर. पण हरवलेली वस्तू किती रुपयांची होती, हे कोण सांगणार? वस्तू गेल्यावर देणारा दोन हजार म्हणतो आणि घेणारा आठशे. म्हणून अदलाबदलीत प्रत्येक वस्तूची किंमत आधी रुपयांत लिहून घ्यावी. तसेच एक पार्सल पोहोचल्यावर दुसरे काढायचे की दोन्ही एकाच दिवशी, हेही ठरवावे. अनोळखी माणसाशी पहिला व्यवहार असेल, तर लहान वस्तूपासून सुरुवात करावी.

वाहतूकदाराकडून काय मिळते?

ट्रकची वाहतूक १८६५ च्या कॅरिअर्स कायद्याखाली चालत असे. त्याची जागा २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यात घरपोच माल नेणारे कुरिअरही येतात. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, पाठवणाऱ्याची स्वतःची चूक अशी काही कारणे सोडली, तर माल गहाळ झाल्यास वाहतूकदार जबाबदार असतो. जुन्या कायद्याखालील एका प्रकरणात, वाहतूकदाराच्या गोदामात आग लागून माल जळाला होता. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की, वाहतूकदाराची जबाबदारी विमा कंपनीसारखी आहे. त्याचा निष्काळजीपणा मालधन्याने सिद्ध करावा लागत नाही.

हे ऐकून बरे वाटते. पण रक्कम किती, हा प्रश्न वेगळा. २०११ च्या नियमांप्रमाणे, जादा जोखमीचा दर भरलेला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. ५०० रुपये भाडे भरले असेल तर ५,००० रुपये. गठाणीत ४०,००० रुपयांचा माल असला तरी तेवढेच. जास्त हवे असेल तर बुकिंगच्या वेळीच किंमत लिहून जादा दर भरावा लागतो.

रेल्वेचे तसेच आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आपले परभणी जंक्शन असल्याने अनेकांचे पार्सल रेल्वेने येते. १९८९ च्या रेल्वे कायद्यात जबाबदारी आहे, पण किंमत जाहीर केलेली नसेल तर तिला मर्यादाही आहे. १९९० च्या नियमांनी साधारण मालासाठी ही मर्यादा किलोमागे ५० रुपये ठेवली. त्या हिशेबाने ६० किलोच्या गठाणीचे ३,००० रुपये होतात.

कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी कोणी वाचत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल हे प्रकरण गेले. तयार कपडे जर्मनीला पाठवणाऱ्या या कंपनीच्या कागदपत्रांचे पाकीट पोहोचले नाही आणि तिकडच्या खरेदीदाराने किंमत कापली. राज्य आयोगाने चार लाखांहून अधिक भरपाई दिली होती. ती शेवटी १०० डॉलरवर आली, कारण सही केलेल्या पावतीवर तेवढीच मर्यादा लिहिलेली होती. कपड्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

टपालाची बाब आणखी निराळी. १८९८ च्या कायद्याच्या कलम ६ ने सरकारला हरवलेल्या टपालाच्या जबाबदारीतून जवळजवळ मोकळे ठेवले होते. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यातही जबाबदारी नियमांत लिहिली असेल तेवढीच आहे. म्हणून किमती वस्तू टपालाने पाठवायची तर विमा उतरवूनच पाठवावी.

मुदत निघून जाते, हेच मोठे नुकसान

आपले बांधव जिथे सर्वांत जास्त फसतात, ती जागा ही आहे. रस्ता वाहतुकीच्या कायद्याचे कलम १६ सांगते की, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नसेल तर दावा करता येत नाही. रेल्वेसाठी कलम १०६ प्रमाणे माल सोपवल्यापासून ६ महिन्यांच्या आत भरपाईची नोटीस द्यावी लागते, आणि पुढचा दावा रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलसमोर चालतो.

प्रत्यक्षात काय होते? ट्रान्सपोर्टचा माणूस सांगतो, "शेठ, गाडी निघाली आहे, उद्या माल लागेल." मग सांगतो, "चुकून लातूरला उतरला आहे." मग दिवाळी येते, ईद येते, आणि सहा महिने फोनवर निघून जातात. तोंडी तक्रारीला कायद्यात किंमत नाही. नोटीस साध्या कागदावर, मराठीत लिहिली तरी चालते. बिल्टी नंबर, तारीख, नग, मार्का, मालाची किंमत आणि "माल मिळाला नाही, भरपाई द्यावी" एवढे पुरे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, म्हणून नोटीस स्पीड पोस्टने पाठवून पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवावा.

एका गठाणीचा निवाडा

२०१४ च्या रमजान सीझनसाठी आमच्या दुकानाचा सुरतहून तीन नगांचा माल निघाला. परभणीत दोनच नग उतरले. गोदामवाला म्हणाला, सही करा, तिसरा नग मागच्या गाडीत आहे. आम्ही डिलिव्हरीच्या कागदावर "३ पैकी २ नग मिळाले" असे लिहून मगच सही केली आणि अकराव्या दिवशी नोटीस पाठवली. सुरतच्या पेढीलाही त्याच दिवशी नक्कल दिली.

हरवलेल्या नगाची किंमत ५२,००० रुपये होती, त्या नगाचे भाडे ७०० रुपये. वाहतूकदाराने चार महिन्यांनी दहापट, म्हणजे ७,००० रुपये दिले. उरले ४५,०००. ट्रान्सपोर्ट सुरतच्या शेठजींनी निवडले होते, माल आमच्या नावावर बुक होता. दोघांच्याही बाजूला थोडा थोडा कायदा होता. शेवटी त्यांनी २२,५०० सोडले आणि आम्ही २२,५०० सोसले. व्यवहार आजही चालू आहे. पण हा निवाडा १९ वर्षांच्या ओळखीमुळे झाला. नवा व्यापारी असता, तर पत्रापत्रीतच दोन वर्षे गेली असती.

मोठी पेढी एवढे नुकसान सोसते. पण घरात दोन शिलाई मशीन ठेवून शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारागिराचे एक पार्सल जून महिन्यात हरवले, तर त्याचे पूर्ण वर्षाचे भांडवल जाते. कापडाची उधारी त्याच्या डोक्यावर राहते आणि शाळा सुरू झाल्यावर तोच गणवेश पुन्हा शिवून उपयोग नसतो. अशा कारागिराकडून माल मागवणाऱ्याने वाटेतली जोखीम आपल्याकडे घ्यावी. ज्याचे खांदे मोठे, ओझे त्याने उचलावे, हा जुन्या बाजाराचा रिवाज आहे.

विमा, जीएसटी आणि ग्राहक आयोग

वारंवार माल मागवणाऱ्यांनी वाहतूक विम्याची खुली पॉलिसी घ्यावी. तिला मरीन पॉलिसी म्हणतात, पण ती ट्रक व रेल्वेच्या मालालाही मिळते. मात्र विमा आहे म्हणून नोटीस द्यायचे थांबू नये. वाहतूकदाराविरुद्धचा हक्क आपण बुडवला, तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते.

जीएसटीचा हिशेबही पाहावा. माल मिळालाच नाही, तर खरेदीदाराला त्याचे इनपुट क्रेडिट घेता येत नाही. ज्याचा माल हरवला, त्यालाही त्या मालावर घेतलेले क्रेडिट कलम १७(५) प्रमाणे परत करावे लागते. नुकसान वाटून घेताना ही रक्कम मोजायची विसरू नये.

ग्राहक आयोगाकडे जाता येते का, असे पुष्कळ जण विचारतात. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा त्यात सहसा बसत नाही. पण पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्या कारागिराला व छोट्या दुकानदाराला सवलत आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीच्या आयोगातच करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकिलाची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. सल्ल्यासाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे.

ऑर्डरच्या चिठ्ठीवर पाच ओळी

यापुढे ऑर्डर देताना, फोनवर का असेना, पुढील पाच ओळी लिहून पाठवाव्यात आणि समोरच्याचा होकार घ्यावा.

१. वाटेतली जोखीम कोणाची: पाठवणाऱ्याची, घेणाऱ्याची की निम्मी-निम्मी.
२. कोणत्या वाहतुकीने पाठवायचे आणि बिल्टीवर किंमत किती लिहायची.
३. जादा जोखमीचा दर किंवा विमा कोण भरणार.
४. किती दिवसांत माल न आल्यास हरवला असे धरायचे.
५. नोटीस कोण देणार आणि आलेली भरपाई कशी वाटायची.

त्याबरोबर प्रत्येक नगावर मार्का व पत्ता दोन बाजूंना असावा. एक चिठ्ठी आतही टाकावी, म्हणजे वरचे लेबल फाटले तरी माल कोणाचा ते कळते. पॅकिंगचा व वजनाचा फोटो घ्यावा. नग कमी असेल किंवा शिलाई उसवलेली असेल, तर डिलिव्हरीच्या कागदावर लिहिल्याशिवाय सही करू नये.

दुसऱ्याचा माल आपल्या हातात असतो तोवर ती अमानत असते, हे आपल्या बाजारात कोणाला शिकवावे लागत नाही. पण वाटेतल्या मालावर कोणाचाच हात नसतो. तिथे फक्त कागद बोलतो. तो कागद माल निघण्यापूर्वी लिहिलेला असेल, तर पार्सल हरवले तरी व्यवहार हरवणार नाही.