उल्केचा गडगडाट आणि तिनाचा भागाकार

आकाशातून तेजस्वी अग्निगोल गेला आणि मागाहून गडगडाट झाला, की मधले सेकंद मोजून त्यांना तिनाने भागावे, म्हणजे उल्का किती किलोमीटरवर पडली ते कळते, हा विजेपुरता ठीक असलेला ठोकताळा उल्केलाही लागू करण्याची हौस सुशिक्षितांतही इतकी रूढ आहे, की त्याची एकदा रीतसर झडती घेणे प्राप्त आहे.

15 फेब्रुवारी 2013 च्या सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क प्रांतावर सुमारे 20 मीटर व्यासाचा पाषाण सेकंदाला 19 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला आणि सुमारे 30 किलोमीटर उंचीवर फुटला. प्रकाश तत्क्षणी दिसला. आघाततरंग शहरात पोहोचला तो सुमारे 140 सेकंदांनी. ठोकताळ्याप्रमाणे अंतर आले 47 किलोमीटर. आणि अवशेषांतील सर्वांत मोठा तुकडा सापडला तो शहराच्या पश्चिमेस सुमारे 70 किलोमीटरवर, चेबर्कुल सरोवराच्या तळाशी! आता या हिशेबाची रुजवात कशी घालावी?

ती घालता येत नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. ध्वनीच्या साठपट वेगाने धावणारी उल्का आपल्या दीर्घ मार्गाच्या सभोवार नळकांड्याच्या आकाराचा तरंग उठवीत जाते, आणि श्रोत्याला प्रथम ऐकू येतो तो त्या मार्गाच्या, त्याला साधारणतः सर्वांत निकट असलेल्या भागाचा आवाज. पतनस्थानाचा त्यात सुतराम संबंध नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी ओल्गा पोपोवा व सहकाऱ्यांचा 'सायन्स' नियतकालिकातील 2013 चा शोधनिबंध पाहावा: नुकसानीच्या प्रदेशाचा आकार, ऊर्जा एका बिंदूत नव्हे तर निरनिराळ्या उंचींवर मुक्त झाली असे धरल्यावरच उलगडतो. शिवाय वरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला 340 नव्हे, 300 मीटरच्या आसपास असतो. म्हणजे 47 चे 42 झाले. आणि हे 42 देखील तिरपे अंतर; 30 किलोमीटरची उंची ध्यानी घेता जमिनीवरील अंतर जेमतेम 30 च्या घरात उरते. पतनस्थान हवे असेल, तर निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या दिशा व कोन यांवाचून गत्यंतर नाही.

किरकोळ गैरसमजांचा फैसला थोडक्यात करतो.

प्रकाशाबरोबरच सरसर ऐकू आली, म्हणजे उल्का परसातच पडली: मुळीच नाही; झगमगत्या प्रकाशाने केस, पाने अशा वस्तू क्षणोक्षणी तापून ध्वनी निघत असावा, असे स्पष्टीकरण 2017 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये मांडले गेले आहे.

आवाज झाला नाही, म्हणजे दिसला तो भास: बहुतेक उल्का 80 ते 100 किलोमीटर उंचीवरच भस्म होतात, तेथून कानी काय येणार?

उल्का हवेच्या घर्षणाने तापते: मुख्यतः तिच्यापुढे दाबली गेलेली हवा तापते.

आकाशातील प्रत्येक जळती रेघ उल्काच: 2 एप्रिल 2022 च्या रात्री विदर्भाने पाहिलेली रेघ अग्निबाणाच्या अवशेषांची होती, आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीत पडलेले धातूचे कडे हा त्याचा दाखला.

तरीही सेकंद अवश्य मोजावे, परंतु खिडकीपासून दूर उभे राहून. चेल्याबिन्स्कचे बहुसंख्य जखमी उल्केने नव्हे, फुटलेल्या काचांनी जखमी झाले होते.