मगरिबची घाई आणि हेल्मेटचा पट्टा

रमजानमध्ये ऊन उतरू लागले, की कर्जत स्टेशनबाहेरच्या दुचाकींची गडबड सुरू होते. कल्याणकडून आलेली लोकल रिकामी होते, खोपोलीकडचे कामगार परतू लागतात. नेरळचा रस्ता असो की चौकचा, सगळ्यांना मगरिबच्या अजानआधी घर गाठायचे असते. हँडलला फळांची पिशवी, डोक्यावर जाळीची टोपी आणि हेल्मेट मात्र आरशाला टांगलेले. 'चार किलोमीटर तर जायचंय,' हे नेहमीचे उत्तर.

द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे चौक, खालापूर, खोपोली ही वाट जुन्या महामार्गानेच, अवजड गाड्यांच्या सोबतीने कापावी लागते. त्यात रोजेदाराची झोप तरावीह आणि सहरीने तुटलेली, घसा कोरडा. लक्ष सर्वांत कमी असते त्याच वेळी वेग सर्वांत जास्त असतो.

'डोके माझे, मर्जी माझी' असेही काही जण म्हणतात. पण डोक्याला मार लागला तर अंथरुणाशी बसते ती आई, आणि कर्ज काढतो तो भाऊ.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. पुढे युद्धकाळात त्यांनी लष्करी मोटारसायकलस्वारांच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडले. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर दबतो आणि आघात स्वतःवर घेतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बदलावे, आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावे, आणि हनुवटीखालचा पट्टा लावावाच. पट्टा सुटा असेल, तर पडताना डोक्याआधी हेल्मेटच निघून जाते.

कायद्यानुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,००० रुपये आहे, शिवाय तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो. मागे बसणाऱ्या बाईची ओढणी किंवा बुरख्याचा घोळ चाकात जाणार नाही, हेही निघताना पाहावे. साडी-गार्ड त्यासाठीच असते. ते काढून ठेवू नये.

राहिली अल्लाहवरच्या भरवशाची गोष्ट. तिरमिझींच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असे एकाने पैगंबरसाहेबांना विचारले. आधी उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा, असे त्याला सांगण्यात आले. आजच्या दुचाकीस्वाराला हेल्मेटचा पट्टा बांधणे म्हणजे तेच.

इफ्तारला उशीर करू नये, अशी शिकवण आहे हे खरे. पण रोजा सोडायला घरचेच ताट लागते असे कुठे आहे? एक खजूर आणि घोटभर पाणी पुरते. ते डिकीत असले, की घाईचे कारणच उरत नाही. अजान कानावर आली, तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी उभी करावी, हेल्मेट काढावे, खजूर तोंडात टाकावा, दुआ मागावी. मग पुन्हा पट्टा लावून सावकाश निघावे.

घरी भजी थोडी गार होतील, एवढेच. दारात उभ्या असलेल्या आईला त्याचे काही वाटणार नाही.