शाळेची घंटा, उन्हाचा पारा आणि मुलांची झोप

परतवाडा : मृग नक्षत्र सरत आले की परतवाड्याच्या बाजारपेठेत वह्या, दप्तरे आणि गणवेश यांची खरेदी सुरू होते. गेल्या वर्षीचे बूट मुलाच्या पायात शिरत नाहीत, विजारीची लांबी घोट्याच्या वर गेली आहे, हे बहुतेक घरांत याच सुमारास लक्षात येते. चार-पाच वर्षांच्या वयापासून वयात येईपर्यंत मुलाची उंची वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटरने वाढते. वयात येताना हा वेग मुलींमध्ये सुमारे आठ, तर मुलांमध्ये नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. मुली या टप्प्यावर मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी पोहोचतात. त्यामुळे सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुले ठेंगणी दिसतात. त्यात काळजीचे काही नाही.

काळजी करावी अशी गोष्ट वेगळी आहे. वाढत्या मुलाला अन्न, खेळ आणि झोप या तिन्ही गोष्टी पुरेशा लागतात. वऱ्हाडात त्यांपैकी झोपेवर सर्वांत मोठा घाला पडतो तो उन्हाळ्यात, आणि त्याचे कारण जितके हवामानात आहे तितकेच वेळापत्रकात आहे.

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. वर्षानुवर्षे तिकडे जूनच्या मध्याला, तर इकडे 26 जूनला शाळेची घंटा वाजण्याचा प्रघात होता. 2024 मध्ये राज्यात अन्यत्र 15 जूनला शाळा सुरू झाल्या, विदर्भात 1 जुलैला. 2025 मध्ये हे अंतर आठवड्यावर आले. तिकडे 16 जून, इकडे 23 जून. उशिरा सुरुवात करण्यामागचे कारण सांगायला नको. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस आला नाही तर परतवाड्यातील पत्र्याच्या वर्गखोलीत बसवत नाही.

मात्र शाळेचे दिवस कायद्याने बांधलेले आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा भरली पाहिजे. जूनमध्ये सोडलेले दिवस कुठे तरी भरून काढावे लागतात. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत नेण्यात आल्या, तेव्हा विदर्भातून विरोधाचा सूर उमटला तो याचमुळे. पुणे आणि परतवाडा येथील एप्रिल एक नसतो, एवढी साधी गोष्ट वेळापत्रक आखणाऱ्यांच्या ध्यानात का येत नाही, हा प्रश्न पालक विचारणारच.

उन्हावर शासनाकडे उपाय एकच असतो, तो म्हणजे सकाळची शाळा. मार्च 2025 च्या अखेरीस राज्यातील प्राथमिक शाळा सकाळी 7 ते 11.15 आणि माध्यमिक शाळा 7 ते 11.45 या वेळेत भरवण्याचे निर्देश निघाले. गंमत अशी, की त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी 2024 मध्ये, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय याच शासनाने घेतला होता. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्या निर्णयामागचे कारण. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर आहेत. उन्हापासून वाचवायचे तर मुलाला पहाटे उठवावे लागते, आणि झोप राखायची तर त्याला अकरा-बाराच्या उन्हातून घरी यावे लागते.

आता घरातील हिशेब पाहू. एप्रिल-मे महिन्यांत सिमेंटच्या स्लॅबची घरे दिवसभर तापतात आणि ती उष्णता रात्री सोडतात. कूलर सुरू असला तरी दहा-साडेदहाच्या आधी खोली झोपण्याजोगी होत नाही. मूल झोपी जाते अकराला. सातच्या शाळेसाठी त्याला साडेपाच-पावणेसहाला उठवले जाते. म्हणजे झोप झाली जेमतेम साडेसहा-पावणेसात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेच्या तज्ज्ञांचे सर्वमान्य मत आहे. वाढीस आवश्यक संप्रेरकाचा मोठा स्राव गाढ झोपेतच होतो. दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे कामही झोपेतच चालते. परीक्षेच्या तोंडावर मुलाची झोप तोडणे म्हणजे अभ्यासावरच पाणी सोडणे होय.

ही तूट भरून काढण्याचा वऱ्हाडी मार्ग जुना आहे. दुपारी जेवण झाले की दारे-खिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून घर तीन-चार वाजेपर्यंत निजत असे. ही दुपारची दीड-दोन तासांची झोप आळसाचे लक्षण मानली गेली आणि तिची जागा शिकवणी वर्गांनी घेतली. शाळा सुटते बारापूर्वी, आणि दोनला गणिताचा क्लास. ज्या उन्हातून मूल वर्गात बसू नये म्हणून शाळा पहाटे भरवली, त्याच उन्हातून ते सायकलवर क्लासला जाते.

मे 2024 मध्ये शेजारच्या अकोल्यात पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम 144 लागू केले. त्या आदेशात खासगी शिकवणी वर्ग सकाळी दहाच्या आधी किंवा सायंकाळी पाचनंतरच घ्यावेत असेही बजावण्यात आले होते. हा शहाणपणा घरात लागू करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. एप्रिल महिन्यात दुपारचा एक क्लास बंद केल्याने कुणाचे वर्ष वाया जात नाही.

परीक्षांचा बोजा मात्र खरा आहे. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होती. 2016-17 पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. 2025 मध्ये ती पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. नऊ वर्षांच्या मुलाची तयारी करून घेताना पालकांनी त्याच्या वयाचे भान ठेवणे म्हणूनच अधिक गरजेचे झाले आहे.

उन्हाचा त्रास मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर होतो. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते, त्यांना घाम कमी येतो आणि खेळाच्या नादात तहान जाणवत नाही. मुलाने सकाळपासून एक-दोनदाच लघवी केली असेल, ती गडद पिवळी असेल, मूल चिडचिडे किंवा मलूल झाले असेल, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे. पन्हे, मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत हे उपाय घरोघरी ठाऊक आहेतच. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता अंग ओले करीत तत्काळ रुग्णालय गाठावे.

पाऊस सुरू झाला की झोपेचा प्रश्न सुटतो आणि दुसराच उभा राहतो. उन्हाळाभर मुलांना निजवणारा कूलर जुलैत कोपऱ्यात पडून राहतो, टाकीतील पाण्यासह. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. ती घासूनच काढावी लागतात. हा डास दिवसा चावतो, तेव्हा शाळेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

दिवाळीनंतरचे तीन महिने मात्र वऱ्हाडातील मुलांसाठी वर्षातील सर्वांत चांगले. भूक वाढते, ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, आंबिया बहराची संत्री, सगळेच हाताशी असते. बहिरमच्या यात्रेत रोडगे आणि हंडी यांचा बेत होतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज किमान तासभर दमछाक होईल असा खेळ खेळावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वऱ्हाडात तसा खेळ दिवसाउजेडी शक्य आहे तो याच काळात. दुर्दैवाने सराव परीक्षाही याच काळात गर्दी करतात. 2025 मध्ये बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला आणि दहावीची 21 फेब्रुवारीला, म्हणजे नेहमीपेक्षा आधीच सुरू झाली, आणि त्या घरांतील थंडी खोलीत बसूनच संपली.

परतवाड्याहून घाट चढला की मेळघाटात चित्र पालटते. तेथील अनेक कुटुंबे कामासाठी बाहेरगावी जातात आणि मुले कधी आश्रमशाळेत, कधी आई-वडिलांसोबत वीटभट्टीवर राहतात. ज्या मुलाचे वजन-उंची नियमित पाहणे सर्वाधिक आवश्यक, नेमके तेच तपासणीच्या दिवशी गावात नसते.

शहरातील पालकांना ही अडचण नाही. भिंतीला पाठ टेकवून, अनवाणी, डोक्यावर पुस्तक आडवे धरून दर तीन महिन्यांनी खूण करावी आणि शेजारी तारीख लिहावी. दोन वर्षांच्या खुणा झाल्या की वाढीचा वेग आपोआप दिसतो. पाच वर्षांनंतर आणि वयात येण्याआधी वर्षभरात चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ झाली असेल, किंवा वजन सहा महिने जागच्या जागी असेल, तर शक्तिवर्धक पावडरचा डबा आणण्यापूर्वी मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. जाताना भिंतीवरील आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. डॉक्टरांना एका दिवसाच्या मापापेक्षा ते अधिक उपयोगी पडतात.