खुणेचे दार

बालपणीच्या गावाची वाट बिनचूक सांगणाऱ्या वृद्धेला सकाळची गोळी घेतली की नाही हे दुपारी आठवत नाही, एवढ्यावरून तिची बुद्धीच गेली असे मानणे हा मोठा अन्याय आहे. कारण नवी नोंद दाखल करून घेणारा मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग, १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी प्रथम मांडलेल्या विकारात, बहुधा आरंभीच क्षीण होतो, आणि जुने दफ्तर व हातांच्या सवयी मात्र पुष्कळ काळ शाबूत राहतात. (थायरॉइडची न्यूनता किंवा बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांनीही विस्मरण जडते व ते उपचारांनी सुधारू शकते, म्हणून तपासणी आधी.)

वृद्धनिवासातील सारी तजवीज या शाबूत भागावरच उभारावी लागते. पुण्यातील एका निवासात, एकसारख्या दारांमुळे खोली चुकणाऱ्या आजींच्या दारावर त्यांच्या लग्नातला फोटो लावला, आणि त्यांची वाट चुकेनाशी झाली. मेथीची जुडी पुढे येताच त्यांची बोटे पिवळी पाने बाजूला काढू लागली. "आधी धू, मग चीर गं," असे त्यांनी मदतनीस मुलीला बजावले. गोळ्यांचा हिशेब कर्मचाऱ्यांकडे असतो, परंतु आज कोणते लुगडे नेसायचे हा अधिकार आजींचाच, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. रविवारी येणारा मुलगा "मी कोण, ओळख," अशी परीक्षा घेत नाही. "आई, मी तुझा धाकटा," असे म्हणतच तो आत येतो, आणि आजी भाजी निवडायचे ताट त्याच्याकडे सरकवतात.